लग्नाच्या शूटिंगसाठी कॅमेरा : आधी काम पाहा, मग दुकान

लग्नाच्या शूटिंगचा धंदा आता आपल्या जिल्ह्यात परभणी शहरापुरता राहिलेला नाही. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या सर्व तालुक्यांत या कामावर पोट भरणारे तरुण आहेत, आणि दरवर्षी त्यांत नव्यांची भर पडते. यांतले बरेच जण शिलाई, रंगकाम, वेल्डिंग करणाऱ्या कारागिरांच्या घरातले आहेत. बापाने जमवलेली पुंजी किंवा आईचा दागिना मोडून कॅमेरा घेतला जातो. म्हणून हा शौकाचा नव्हे, भांडवलाचा प्रश्न आहे, आणि त्याच नजरेने आम्ही तो येथे मांडत आहोत.

आमचा धंदा कापडाचा आहे. परंतु लग्नाचा बस्ता बांधायला येणारी मंडळी दोन-दोन तास बसतात आणि मागच्या लग्नाचे सारे किस्से सांगतात. शूटिंगबद्दलच्या तक्रारी ऐकल्या तर त्या बहुधा चारच असतात : चित्र आहे पण काजीसाहेबांचा आवाज नाही, ऐन कुबूलच्या वेळी कॅमेरा बंद पडला, रात्रीचे सारे काळे आणि दाणेदार आले, किंवा कार्ड खराब झाले आणि काहीच हाती लागले नाही. कॅमेरा कोणत्या कंपनीचा होता हे कोणीही विचारत नाही. नव्या माणसाने खरेदीची सुरुवात या चार तक्रारींपासून करावी, असे आमचे मत आहे.

यंत्राचे आयुष्य किती?

आधी एक गोष्ट समजून घ्यावी. पॉवरलूम किंवा शिलाई मशीन वीस-वीस वर्षे चालते. कॅमेऱ्याचे तसे नाही. तो बिघडण्याआधीच जुना होतो. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली व्हीएचएस पद्धत आणली. १९९० च्या दशकात आपल्याकडे पॅनासॉनिकचे खांद्यावर ठेवायचे मोठे कॅमेरे आले. त्यात तीन तासांची ई-१८० कॅसेट बसत असे आणि मागे एक पोरगा हॅलोजनचा दिवा धरून उभा राहत असे. १९९५ मध्ये मिनी डीव्ही ही छोटी डिजिटल कॅसेट आली. पुढे सोनीचा पीडी १७० आणि पॅनासॉनिकचा एमडी १०००० हे लग्नमंडपातले ओळखीचे कॅमेरे झाले. २००८ मध्ये निकॉनचा डी ९० आणि कॅननचा फाइव्ह डी मार्क टू या फोटोच्या कॅमेऱ्यांत व्हिडिओची सोय आली आणि कॅसेट मागे पडली. त्यानंतर मिररलेस कॅमेरे आले. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ मध्ये ते बनवणे थांबवले.

प्रत्येक वळणावर कोणाचे तरी लाख-दीड लाख रुपये कपाटात पडून राहिले. यावरून धंद्याचा नियम निघतो तो असा : कॅमेऱ्यात घातलेली रक्कम दोन, फार तर तीन हंगामांत परत आली पाहिजे. जी येणार नाही ती खरेदी करू नये.

यंत्र साधे असले म्हणून काम साधे होते असे नाही, हे मालेगावने दाखवून दिले आहे. पॉवरलूमच्या त्या शहरात नासीर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट सुमारे पन्नास हजार रुपयांत तयार केला. लग्नाच्या शूटिंगला वापरतात त्या जातीचा साधा व्हिडिओ कॅमेरा आणि जोडकामाला दोन व्हीसीआर, एवढीच सामग्री होती. याच मंडळींच्या पुढच्या चित्रपटाचे काम चालू असताना त्यांचा एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडला आणि काम अडले. ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात तो प्रसंग आहे. चित्रपटवाला चार दिवस थांबू शकतो. निकाह थांबत नाही. म्हणून दुसरा कॅमेरा, निदान चांगला मोबाईल, स्टँडवर लावून ठेवणे ही चैन नाही, गरज आहे.

आपल्याकडचे काम कसे असते?

आता आपल्या जिल्ह्यातले काम पाहू. मे महिन्यात परभणीचा पारा चाळिसाच्या वर जातो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात चालवण्याचे तापमान शून्य ते चाळीस अंश असे लिहिलेले असते. म्हणजे पत्र्याच्या मंडपात दुपारी दोन वाजता आपण यंत्राला कंपनीने दिलेल्या मर्यादेबाहेर राबवत असतो. अशा वेळी छोट्या अंगाचे कॅमेरे फोर-के चित्रीकरण करताना तापून आपोआप बंद होतात. आतून पंखा असलेले, उदाहरणार्थ पॅनासॉनिकचा एस फाइव्ह मार्क टू किंवा सोनीचा एफएक्स थ्री, यात बरेच टिकतात. पंखा नसेल तर फुल एचडीवर काम करावे, स्क्रीन अंगापासून उघडी ठेवावी आणि कॅमेरा उन्हात ठेवू नये.

दुसरी बाब वेळेची. वरात, निकाह, जेवण, रुखसती मिळून चार-पाच तास सहज होतात. हिंदू बांधवांच्या लग्नात सीमंतीपूजनापासून पाठवणीपर्यंत याहून जास्त. जुन्या फोटो-कॅमेऱ्यांत एका वेळी २९ मिनिटे ५९ सेकंदच चित्रीकरण होते. युरोपात अर्धा तास किंवा जास्त चित्रीकरण करणाऱ्या यंत्रावर व्हिडिओ कॅमेऱ्याची जकात लागत असे, ती टाळण्यासाठी कंपन्यांनी ही मर्यादा घातली होती. खुत्बा चालू असताना कॅमेरा गुपचूप बंद पडण्याचे एक कारण हेच असते. जुना माल घेणाऱ्याने हे आधी विचारावे.

तिसरी बाब उजेडाची. वलीमा रात्री असतो. मंडपात रंगीत एलईडी आणि ट्यूबलाइट यांची खिचडी असते. आपल्या देशातील वीज ५० हर्ट्झची आहे. म्हणून कॅमेरा २५ किंवा ५० फ्रेमवर आणि शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवावे. ३० किंवा ६० फ्रेमवर ठेवल्यास चित्रात दिवे लुकलुकतात, पट्टे फिरतात. हे कोणत्याही संगणकावर नीट निघत नाही.

तीन जातींचे कॅमेरे

बाजारात सध्या तीन जाती आहेत.

पहिली, कॅमकॉर्डर. लेन्स अंगालाच जोडलेली, झूम लांबचा, बॅटरी मोठी, तासन् तास चालणारा, आणि माइकच्या जाड वायरीसाठी एक्सएलआरची जागा असलेला. एकट्या माणसाला दूर उभे राहून स्टेजवरचे सारे टिपायचे असेल तर याहून भरवशाचे यंत्र नाही. सोनीचा एनएक्स १०० हा २०१५ चा एक इंच सेन्सरचा कॅमेरा, फक्त फुल एचडी देणारा, जुन्या बाजारात शोधण्यासारखा आहे. उणीव एवढीच की रात्री चित्र मिररलेसपेक्षा कमी पडते आणि मागचे दृश्य धूसर करून चेहरा उठून दिसण्याची जी आज मागणी आहे, ती नीट पुरवता येत नाही.

दुसरी, मिररलेस. लेन्स बदलता येते, कमी उजेडात काम सुंदर होते, फोटोही निघतात. परंतु लेन्स वेगळ्या घ्याव्या लागतात, बॅटरी सतत चित्रीकरणात साधारण दीड-दोन तासांत संपते आणि झूम आखूड असतो. जुना डीएसएलआर स्वस्त मिळतो, पण कंपन्यांचे लक्ष आता मिररलेसकडे वळले आहे. त्यामुळे त्यात मोठी रक्कम गुंतवू नये.

तिसरी जात मोबाईलची. हळद, अकीका, दुकानाचे उद्घाटन अशा छोट्या कार्यक्रमांना आणि रील काढायला तो पुरतो. मुख्य लग्न केवळ मोबाईलवर घेऊ नये. रात्री झूम केला की चित्र फाटते, आणि मध्येच फोन आला तर चित्रीकरण थांबू शकते.

आमच्या मते, ज्याचे काम मुख्यतः सबंध लग्न सलग घेण्याचे आहे, त्याने पहिला कॅमेरा कॅमकॉर्डर घ्यावा. ज्याला फोटो आणि छोटी सिनेमासारखी फिल्म या दोन्हींची मागणी आहे, त्याने मिररलेस घ्यावा. दोन्ही कामे करणारा एकच कॅमेरा आहे असे दुकानदाराने सांगितले, तर समजावे की त्याला तो खपवायचा आहे.

कागदावरचे आकडे

कापडात नुसता काउंट विचारून माल घेणारा फसतो. सूत, वीण आणि रंग पक्का आहे की नाही हेही पाहावे लागते. कॅमेऱ्यात फोर-के हा तसाच काउंट आहे. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपके, म्हणजे फुल एचडीच्या चौपट. ते चांगलेच. परंतु शंभर मेगाबिटच्या वेगाने फोर-के घेतल्यास तासाला ४५ जीबी जागा लागते. १२८ जीबीचे कार्ड पावणेतीन तासांत भरते. दोन कॅमेरे चार तास चालवले तर एका लग्नाचे ३६० जीबी होतात आणि २५ लग्नांचे ९,००० जीबी. दोन प्रती ठेवायच्या तर याच्या दुप्पट. एवढ्या हार्ड डिस्क आणि हा भार उचलणारा संगणक यांचा खर्च कोणी सांगत नाही. ज्या घरी फुल एचडीचा टीव्ही आहे आणि दरही बेताचाच ठरला आहे, तेथे चांगल्या उजेडातले फुल एचडी पुष्कळ झाले.

फोर-केपेक्षा सेन्सरचा आकार जास्त महत्त्वाचा. उजेड त्यावर पडतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा असतो, तर एक इंची म्हणवला जाणारा १३.२ गुणिले ८.८ चा. क्षेत्रफळात पहिला दुसऱ्याच्या सातपटीहून मोठा. या दोहोंच्या मध्ये एपीएस-सी हा आकार आहे आणि नव्याच्या खिशाला तोच परवडतो.

त्यानंतर लेन्स. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी किट लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ पर्यंत आखडते. एफ २.८ ची लेन्स तिच्या चौपट उजेड आत घेते. म्हणजे भारी कॅमेऱ्याला किट लेन्स लावण्यापेक्षा मध्यम कॅमेऱ्याला एफ २.८ ची झूम लेन्स लावणे शहाणपणाचे. कॅमेरा बदलला तरी त्याच जातीच्या माउंटवर ती लेन्स पुढेही चालते आणि तिची किंमतही सावकाश उतरते.

आवाज, कार्ड आणि बॅटरी

निकाहमध्ये खुत्बा आणि ईजाब-कुबूल, हिंदू लग्नात मंगलाष्टके, बौद्ध लग्नात वंदना आणि प्रतिज्ञा. या गोष्टी ऐकण्याच्या आहेत. वीस फुटांवरून कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक काजीसाहेबांऐवजी शेजारच्या पोरांचा गलका टिपतो. म्हणून एक बिनतारी कॉलर माइक घ्यावा आणि परवानगी घेऊन तो काजीसाहेबांजवळ लावावा. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून लाइन घेता आली तर अधिक चांगले, मात्र लेव्हल आधी तपासावी, नाहीतर आवाज फाटतो. कानाला हेडफोन लावूनच काम करावे. ज्या कॅमेऱ्याला हेडफोनची जागा नाही तो या धंद्यासाठी घेऊ नये.

कार्डांच्या दोन जागा असलेला कॅमेरा घेणे आम्ही आवश्यक मानतो. एकाच वेळी दोन्ही कार्डांवर चित्रीकरण होत असेल तर एक खराब झाले तरी इज्जत राहते. वरच्या वेगाच्या फोर-केसाठी कार्ड किमान व्ही ३० चे असावे आणि ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्यावे, कारण नकली कार्डे बाजारात पुष्कळ आहेत. घरी आल्यावर दोन वेगळ्या डिस्कवर प्रत झाल्याशिवाय कार्ड पुसू नये.

बॅटऱ्या चार ठेवाव्यात. मंडपातील जनरेटरवर भरवसा ठेवू नये. त्याचा दाब वरखाली होतो आणि चार्जर जळतो.

हिशेब कसा मांडावा?

समजा, एकूण रक्कम दोन लाख आहे. तर कॅमेऱ्याच्या अंगावर निम्म्याहून जास्त घालू नये. उरलेल्यात लेन्स, माइक, दोन स्टँड, दिवा, कार्डे, बॅटऱ्या आणि डिस्क बसवाव्यात. दोन लाखांचा संच तीन हंगाम चालला आणि दर हंगामात २५ कामे मिळाली, तर ७५ कामांत तो फिटतो. म्हणजे प्रत्येक कामातून सुमारे २,७०० रुपये आधी बाजूला काढावे लागतात. कामे १५ च मिळाली तर हाच आकडा साडेचार हजारांच्या घरात जातो. मजुरी, मदतनीस, पेट्रोल आणि एडिटिंग हे सारे त्यानंतर. हा हिशेब मांडल्याशिवाय कोणाच्या तरी कमी दराला हात लावू नये.

हंगामाचे गणितही ध्यानात ठेवावे. आपल्याकडे रमजानमध्ये लग्ने होत नाहीत आणि मोहर्रममध्ये बहुतेक घरे टाळतात. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असल्याने हे महिने दरवर्षी मागे सरकतात. २०२५ मध्ये रमजान मार्चमध्ये होता. येत्या काही वर्षांत तो फेब्रुवारीतून जानेवारीत सरकेल आणि हिवाळी हंगाम कापील. हिंदू लग्नांना चातुर्मासात खंड पडतो. म्हणून ज्याचे गिऱ्हाईक सर्व समाजांत आहे त्याचा कॅमेरा जास्त दिवस चालतो. मधल्या काळात शाळांची स्नेहसंमेलने आणि दुकानांची उद्घाटने घ्यावीत. जुन्या व्हीएचएस कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून देणे हेही चांगले काम आहे. घरोघरी त्या बुरशी लागून खराब होत आहेत आणि चालता व्हीसीआर कोणाकडे राहिलेला नाही.

भांडवलाबद्दल एक शब्द. हप्ता दर महिन्याला येतो, लग्न दर महिन्याला येत नाही. व्याजाच्या हप्त्यावर भारी कॅमेरा घेण्यापेक्षा पहिल्या पाच-सहा कामांना कॅमेरा भाड्याने आणावा आणि हात बसल्यावर जुना पण चांगला घ्यावा. किंवा भागीदारी करावी : एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. यात नफ्याची वाटणी, दुरुस्तीचा खर्च आणि यंत्र विकल्यावर येणारी रक्कम कोणाची, हे तीनही मुद्दे कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. सख्ख्या भावांतही हा दस्तूर पाळावा.

खरेदीच्या दिवशी

खरेदी नांदेडला करा, छत्रपती संभाजीनगरला करा, हैदराबाद किंवा मुंबईला करा. बिल पक्केच घ्या आणि त्यावर यंत्राचा नंबर लिहून घ्या. १ जानेवारी २०१९ पासून डिजिटल कॅमेरे आणि व्हिडिओ कॅमेऱ्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. ज्याची जीएसटी नोंदणी आहे त्याला या कराची वजावट मिळू शकते, ती बिलाशिवाय मिळत नाही. आखातातून नातेवाइकाने आणलेला कॅमेरा स्वस्त पडतो खरा, पण त्याची वॉरंटी बहुधा त्या देशापुरतीच असते. जपानी बाजारासाठी बनलेल्या सोनीच्या काही कॅमेऱ्यांत तर मेनू फक्त जपानी भाषेत असतो.

जुना कॅमेरा घेताना स्वतःचे कार्ड घेऊन जावे. सलग एक तास चित्रीकरण करावे, त्यातले काही दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. माइक, हेडफोन, दोन्ही कार्डांच्या जागा आणि चार्जिंग तपासावे. लेन्समधून उजेडाकडे पाहून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का ते बघावे. चित्र कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर नव्हे, टीव्हीवर पाहावे. घरी पावसाळ्यात सर्व सामान घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावे.

अमानत

शेवटची गोष्ट यंत्राची नाही, पण धंदा तिच्यावरच टिकतो. लग्नाचे शूटिंग ही त्या घराची अमानत आहे. घरातील स्त्रियांचे चित्रीकरण विचारल्याशिवाय रीलवर टाकणे, मित्रांना दाखवणे किंवा न पुसता जुनी डिस्क विकणे यामुळे एका दिवसात नाव जाते आणि कोण्या मुलीच्या संसारावरही त्याचे शिंतोडे उडतात. काय टिपायचे, काय नाही आणि प्रती किती दिवस ठेवायच्या हे सुपारी घेतानाच ठरवावे. जनानखान्यात पुरुष कॅमेरामन नको असे म्हणणारी घरे पुष्कळ आहेत. तेथे काम करणाऱ्या मुली आपल्या जिल्ह्यात फार थोड्या आहेत. शिकलेल्या मुलींनी हलका मिररलेस कॅमेरा आणि एक माइक घेऊन हे काम हाती घेतले तर त्यांना दर चांगला मिळेल. ज्या भावाचा आधीच या धंद्यात जम बसला आहे त्याने बहिणीला हे काम शिकवावे. त्या घराला एकाऐवजी दोन कामे मिळतील.